हेयना, डावखुरा, तेवीस लाख

"तुम्ही माझ्या कॉनरॅडला लाल केलं नाहीत ना, म्हणून मी त्याला म्हटलं, क्लबच्या चौदा लाखांवर अजिबात सही करू नकोस," बर्नडीन हेयना मला म्हणाली. ती माझ्यासाठी दोन पौंड सॉसेज तोलत होती. माझ्या मागे रांगेत चार माणसं होती, त्यातल्या एकानं कोणाला लाल करायचं राहिलंय ते बघायला मान पुढे काढली. मी "हं" म्हणालो. एकसष्ट वर्षांचा माणूस, एकतीस वर्षं शाळा-मंडळाच्या पगार विभागात काढलेली, आणि तोंडातून निघालं काय, तर "हं". तिनं कागदात पुडी बांधली, दर शुक्रवारी टाकते तसा एक तुकडा फुकट वर टाकला आणि म्हणाली, "एजंट म्हणतो, आठ वाजेपर्यंत थांबू. मी म्हटलं, एजंटचं मला सांगू नकोस. गॅपिन्स्कींचा तक्ता काय म्हणतो? तेवीस लाख म्हणतो. आणि लाल नाही. संपलं." गॅपिन्स्की म्हणजे मीच. मी नोट दिली, सुटे पैसे घ्यायचे विसरलो आणि बाजाराच्या दारातून बाहेर ब्रॉडवे रस्त्यावर येऊन उभा राहिलो. रात्री पडलेलं बर्फ गाड्यांनी तुडवून त्याचा करडा चिखल केला होता. तो बुटात शिरत होता आणि मला बाजूला व्हायचंही सुचत नव्हतं.

लोकांना काही समजावून सांगायचं म्हणजे डोकं फोडून घ्यायचं, हे मला आज कळलेलं नाही. बफलो पायलट्स ही आमची बेसबॉलची टीम. तिच्या खेळाडूंवर येत्या हंगामात पगारापोटी किती डॉलर जाणार याचा अंदाज मी गेली बावीस वर्षं काढतो आणि माझ्या पेजवर टाकतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणी दमडी देत नाही. क्लब आकडे सांगत नाही, वर्तमानपत्रात येतात ते अर्धे चुकलेले असतात, आणि कोणीतरी हे नीट करायला हवं, एवढंच कारण. आता यात लांबचे करार केलेल्या खेळाडूंचं सोपं असतं, आकडा ठरलेला. नव्या पोरांचंही सोपं, त्यांना किमान पगार, आठेक लाख. डोक्याला ताप देतात ते मधले. ज्यांची साधारण तीन वर्षं भरली आणि जे पगारासाठी लवादापुढे जाऊ शकतात, ते. एकशे बहात्तर दिवस म्हणजे एक वर्ष, एक दिवसही कमी भरला तर वर्ष धरत नाहीत, आणि हे दिवस मी हातानं मोजतो, खालच्या टीममध्ये पाठवल्याच्या आणि परत बोलावल्याच्या तारखा लावून. मग त्या खेळाडूसारखा दुसरा कोण होता, त्याला लवादानं काय दिलं होतं, ते बघून आकडा मांडतो. पण या मधल्यांना ठेवायचंच असं क्लबवर बंधन नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी आठपर्यंत क्लबनं सांगायचं, हा हवा किंवा नको. नको म्हटलं की माणूस रस्त्यावर. तेव्हा माझ्या तक्त्यातल्या तेवीस लाखांचा अर्थ इतकाच, की क्लबनं ठेवलं तर तेवीस लाख. हे 'तर' मी पेजवर सर्वांत वर, जाड अक्षरात लिहिलेलं आहे. बावीस वर्षांत ते वाचलेला माणूस मला भेटलेला नाही.

आणि ज्याला क्लब ठेवणार नाही असं मला वाटतं, त्याची ओळ मी लाल करतो. ही लाल ओळ मात्र सगळे वाचतात. बायबल न वाचणारी माणसं माझी लाल ओळ वाचतात.

बस आली नाही म्हणून मी चालायला लागलो आणि पुढच्या थांब्यापाशी बस माझ्या अंगावर चिखल उडवत निघून गेली. मी तिच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघून मोठ्यानं शिवी दिली. खरं तर ती शिवी बसला नव्हती. बर्नडीनला होती, की बाई, माझ्या तक्त्यावर कशाला विसंबलीस. एजंटला होती, बाईच्या आधी तिच्या पोराला समजवायचं काम त्याचं. क्लबच्या त्या गुळगुळीत अध्यक्षाला होती. महिन्यापूर्वी व्यापाऱ्यांच्या जेवणात उभं राहून तो म्हणाला होता, "साडेअकरा कोटी, आणि वर एक डॉलर नाही." हे मी ऐकलं, लिहून घेतलं, तारीख घातली. माझी बेरीज येत होती अकरा कोटी चौऱ्याऐंशी लाख. म्हणजे चौतीस लाख जास्त. ते कुठून तरी निघायला हवेत. प्रुइट म्हणून दुसरा कॅचर आहे आमचा, कोपर कामातून गेलेलं आणि लवादात तीस लाख मिळवेल. त्याला मी पहिल्या मिनिटाला लाल केलं. त्याच्या जागी आठ लाखांचा नवा पोरगा आणला तरी बावीस वाचले. उरले बारा. आणि बारा लाख वाचवू शकेल अशी सबंध तक्त्यात एकच ओळ होती. हेयना, डावखुरा पिचर, वय एकोणतीस, खांदा दोनदा उघडून शिवलेला, तेवीस लाख. वजा आठ, पंधरा. चोख बसत होतं. पहिलीतल्या मुलालाही बसवता आलं असतं. मी त्या ओळीवर आलो, रंगांची पट्टी उघडली, आणि मग लक्षात आलं की उद्या शुक्रवार आहे आणि मला सॉसेज आणायला जायचं आहे.

तीन आठवडे झाले या गोष्टीला. मी पट्टी मिटली आणि स्वतःला सांगितलं, अजून बघू, क्लब कोणाला तरी विकेल, बेरीज बदलेल. कोणाला विकलं नाही. बेरीज जागची हलली नाही. दर शुक्रवारी मी बाजारात गेलो, ती "कसं काय, नॉर्बर्ट?" म्हणाली, मी "चाललंय" म्हणालो, तिनं तुकडा टाकला, मी घरी येऊन तो आधी खाल्ला. एवढ्या वर्षांत मी माझ्या सख्ख्या भाच्याच्या लाडक्या खेळाडूला लाल केलं आहे, ज्यानं माझ्या टोपीवर सही दिली त्याला लाल केलं आहे. कोणाच्या बापाची भीड नाही म्हणून लोक मला मानतात, म्हणजे मानत असावेत. आणि एका सॉसेजवालीपुढे माझी बोटं लुळी पडली. तिला मात्र वाटलं, गॅपिन्स्कींनी केलं नाही, म्हणजे गॅपिन्स्कींना माहीत आहे.

चालताना बाबांची आठवण आली, आणि ती आल्याचा मला रागच आला, कारण अशा वेळी ती येणार हे मला ठाऊक होतं. तळ्याकाठच्या पोलादाच्या कारखान्यात ते भट्टीवर होते. संध्याकाळी पेपर घेऊन बसायचे आणि खेळाडूंचे पगार मोठ्यानं वाचायचे, स्वतःच्या ताशी दरानं भागायचे. "हा एकदा बॅट हलवतो तेवढ्यात माझा पंधरवडा," असं म्हणायचे, पण चिडून नाही, कौतुकानं. भागाकार मी त्यांच्याकडून शिकलो. ब्याऐंशी साली कारखान्यानं एक योजना काढली, आता सोडलंत तर एवढे महिने पगार देऊ. आमच्या गल्लीत झारेम्बा राहायचा, कारखान्याच्या हिशेब कचेरीत. दर शनिवारी तो आणि बाबा एका टेबलावर बिअर प्यायचे. बाबांनी त्याला विचारलं, घेऊ का रे? झारेम्बानं खांदे उडवले आणि म्हणाला, तू भट्टीवरचा, तुला कोण काढतंय. बाबांनी योजना घेतली नाही. पुढच्या हिवाळ्यात फाटकावर यादी लागली, मग यादीची गरजच उरली नाही, सगळंच बंद झालं. झारेम्बाला माहीत होतं की नव्हतं, यावर आई मरेपर्यंत बोलत राहिली. बाबा कधी बोलले नाहीत. ते शनिवारी जातच राहिले, त्याच टेबलावर बसत राहिले, आणि हे मला कुठल्याही बेइमानीपेक्षा जास्त असह्य व्हायचं. मी ठरवलं होतं, आपण हिशेब करू तो भिंतीवर लावू, सगळ्यांना दिसेल असा. आणि आता मीच झारेम्बासारखा एका टेबलावर बसलो होतो.

घरी आलो तर माझी बायको रोझली शिडीवर. मागच्या खोलीचं छत गळतं, तिथे ती फडकं कोंबत होती. "चेहरा काय असा? कोण गेलं?" तिनं वरूनच विचारलं.

"कोणी गेलं नाही."

"मग पायलट्सचं काहीतरी असणार. अकरा कोटींचा हिशेब याला तोंडपाठ, आणि छपरावाल्याला गेल्या महिन्यात किती दिले विचारलं तर म्हणेल, बघून सांगतो."

मी तिला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं, जणू बर्नडीनच्या जागी तीच काउंटरमागे होती. क्लबनं कॉनरॅडला आधीच चौदा लाख देऊ केले आहेत, आजच्या आज सही कर म्हणून, नाहीतर बघू म्हणून. त्यानं सही केली तर चौदा त्याचे. नाही केली आणि क्लबनं सोडलं, तर या खांद्याला कोण विचारणार आहे? उन्हाळ्यात कुठल्यातरी खालच्या टीमच्या बसमध्ये बसेल आणि मग तेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम त्याच्या दाराशी आली आहे आणि त्याची आई माझ्या तक्त्याकडे बोट दाखवून ती परत पाठवते आहे. रोझली खाली उतरली, फडकं बादलीत पिळलं.

"मग जाऊन सांग तिला."

"काय सांगू? अंदाज आहे तो! क्लबच्या डोक्यात काय आहे ते मला काय माहीत?"

"बावीस वर्षं लोकांना न विचारता सांगतोयस. आज एका बाईनं विचारलं तर तुला अंदाज आठवला."

"तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडू? मला संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला जायचंय. तू येणार आहेस की नाही तेवढं सांग. की त्याचाही अंदाज?"

मी तळघरात गेलो. तक्ता उघडला. चाळीस ओळी, प्रत्येकीत एक माणूस, आणि मला त्या माणसांचे चेहरेही धड आठवत नाहीत, आकडे आठवतात. कॉनरॅडचा मात्र चेहरा आठवत होता. तो बारा वर्षांचा असताना काउंटरच्या टोकाला उलट्या बादलीवर बसून गृहपाठ करायचा आणि मला बघून विचारायचा, आज कोणाचा पगार वाढला? मी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याची ओळ लाल केली. फोन केला नाही, परत गेलो नाही. ओळ लाल केली आणि खुर्चीला टेकून बसलो, की तिला नाहीतर त्याला दिसेल, कोणीतरी दाखवेल, माझं काम झालं. असा शूर मी. पाच मिनिटांत तक्त्याखाली लोकांच्या नोंदी यायला लागल्या. आज एकाएकी का? आतली बातमी आहे का? गॅपिन्स्कीला कोणीतरी फोन केलाय. गॅपिन्स्कीला कोणीही फोन केलेला नव्हता, गॅपिन्स्कीला तीन आठवडे उशिरा लाज वाटली होती, पण हे लिहायला त्या पेजवर जागा नाही. अडीचला वर स्वयंपाकघरात रोझलीनं रेडिओ लावला आणि खेळाच्या कार्यक्रमातला तो ब्रॅनिगन, जो बोलत नाही, भुंकतो, त्याचा आवाज जिन्यावरून खाली आला, "मंडळी, हे ऐका! गॅपिन्स्कीनं आपल्या हेयनाला लाल केलंय! आणि गॅपिन्स्की चुकत नाही!" मी चुकतो. मी दर वर्षी चुकतो, दोन टक्के, तीन टक्के, आणि किती चुकलो ते दर एप्रिलमध्ये मी स्वतः छापतो. तेही कोणी वाचत नाही. मी कोट चढवला आणि बाहेर पडलो. मागून रोझली काय म्हणाली ते ऐकलं नाही.

बाजार पाचला बंद होतो. मी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते, आणि बर्नडीनला कळलेलं होतं, कारण शेजारच्या लोणच्याच्या दुकानात दिवसभर ब्रॅनिगन भुंकत असतो. तिनं मला लांबून येताना पाहिलं. सुरी खाली ठेवली. एका गिऱ्हाइकाचं मांस अर्धं कापलेलं होतं, ते तसंच राहिलं.

"या," ती म्हणाली. "आता काय, दोन पौंड अजून?"

"बर्नडीन, माझं ऐकून घ्या."

"कधीपासून माहीत होतं?"

"माहीत असं काही नसतं यात, हा अंदाज..."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे." तिनं एप्रनला हात पुसले, परत पुसले. "तीन शुक्रवार तुम्ही इथे उभे राहिलात. माझ्या तोंडाकडे बघून चाललंय म्हणालात. अहो, मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला सॉसेज दिलं नसतं?"

अर्ध्या मांसाचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, माझं..." आणि ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "थांबा हो, माझ्या पोराचा पगार चाललाय." तो थांबला. रांगेतले सगळे थांबले, लोणचंवाल्यानं रेडिओ बारीक केला. मला वाटलं आता ही काहीतरी फेकून मारणार, आणि खरं सांगतो, मला ते चाललं असतं. तिनं फोन काढला. बोटांना चरबी होती, पडद्यावर बोट सरकत होतं, तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा लागलं. "कॉनरॅड? इथे आलेत ते. बोल त्यांच्याशी. मला यातलं काही कळत नाही, मला वाटलं होतं कळतं." आणि काउंटरवरून फोन माझ्या हातात.

कॉनरॅड फ्लोरिडात होता, खांद्याच्या व्यायामाला. आवाज शांत होता, बारा वर्षांचा असताना होता तसाच. "मिस्टर गॅपिन्स्की, एक विचारू? तुम्ही किती वाजता लाल केलंत?"

"दोन दहा."

"मला वाटलंच. दोन पस्तीसला क्लबचा फोन आला. चौदा होते, आता अकरा म्हणतात. म्हणाले, तुमच्या गावातल्या लोकांनाही कळलंय की तुमचं कठीण आहे."

आजवर माझी समजूत अशी, की मी काठावर बसून नदीचं पाणी मोजतो आहे. क्लबच्या कचेरीत माझं पेज कोणी उघडत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणजे वाटावं अशी इच्छा फार होती, रोझलीला मी ते बोलूनही दाखवायचो, पण खरंच वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर चौदा. आज सकाळी काउंटरपाशी सांगितलं असतं तरी चौदा. गप्प राहण्याची आणि मग भ्याडासारखं बोलण्याची किंमत तीन लाख डॉलर, आणि ती भरणार हा.

"एजंट काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, गुरकावताहेत नुसते. आठपर्यंत दम धर, ठेवतील, मग लवादात तेवीस घेऊ. पण त्याच्याकडे माझ्यासारखे साठ आहेत. एक गेला तर त्याला काय." मागे कुठेतरी वजनं खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुम्ही सांगा. मला ठेवतील की नाही?"

मी तोंड उघडलं ते नेहमीचं सांगायला. की बघ, साडेअकरा हा आकडा अध्यक्षांनी जाहीर बोललेला, तो धरला तर, प्रुइट गेला असं धरलं तर, कोणाला विकलं नाही असं धरलं तर. समोर बर्नडीन दोन्ही हात काउंटरवर टेकून उभी होती. तिचे गुडघे गेलेले आहेत, उभं राहायचं म्हणजे ती असा भार हातांवर टाकते. कॉनरॅडनं तिला सांगून ठेवलं होतं की एकदा करार झाला की तू या काउंटरमागून निघायचंस. मला या सगळ्या 'धरलं तर'चा उबग आला. माझी बेरीज मला लख्ख दिसत होती, तिच्यात या पोराला जागा नव्हती.

"नाही ठेवणार," मी म्हणालो. "सही कर."

"अकरावर?"

"अकरावर. आत्ता. चार वाजत आलेत, अजून खाली आणतील."

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं. मी फोन परत दिला. बर्नडीननं तो कानाला लावला, "कर रे बाबा, कर, अकरा काय कमी आहेत का, तुझ्या बापानं जन्मात पाहिले नाहीत," असं म्हणत ती मागच्या थंड खोलीकडे वळली. मी त्या अर्ध्या मांसाच्या गिऱ्हाइकासमोर उभा राहिलो. तो मला म्हणाला, "तुम्हीच का ते गॅपिन्स्की? मग यंदा आपली टीम कुठवर जाईल?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

सव्वाचारला बातमी आली. हेयना, एक वर्ष, अकरा लाख. मासे खायला गेलो. रोझली हॉलभर सांगत सुटली की नॉर्बर्टनं आज बर्नडीनच्या पोराला वाचवलं, आणि दोन माणसांनी माझी पाठ थोपटली, तळलेल्या माशाचा तेलकट हात माझ्या कोटावर पुसून. मला एकदम बरं वाटायला लागलं. उशिरा का होईना, तीन लाख जाऊन का होईना, आपण सांगितलं. झारेम्बानं नाही सांगितलं, आपण सांगितलं. मी दुसऱ्यांदा कोबीची कोशिंबीर घेतली. साडेसातला घरी येऊन तक्त्यासमोर बसलो, तेविसाच्या जागी अकरा लिहिले, तांबडा रंग काढला आणि आठची वाट बघायला लागलो.

आठ वाजून चार मिनिटांनी क्लबची यादी लागली. पायलट्सनी सर्व खेळाडू ठेवले आहेत. सर्व. मी परत वाचलं. दुसरीकडे पाहिलं, तिथेही तेच. कोपर गेलेला प्रुइट ठेवला. एकालाही सोडलं नव्हतं. मी बेरीज केली, अकरा कोटी बहात्तर लाख, साडेअकराच्या कितीतरी वर, आणि बेरीज परत केली, जणू माझ्या बेरजेत चूक असती तर क्लबची यादी बदलणार होती. वर रेडिओवर ब्रॅनिगन अध्यक्षांना विचारत होता की साहेब, साडेअकराचं काय झालं? आणि अध्यक्षांचा तो गुळगुळीत आवाज म्हणाला, "अहो, तो एक अंदाज होता." आणि दोघं हसले. मी टेबलावर मूठ आपटली, पेन्सिली खाली सांडल्या. अंदाज! याला अंदाज म्हणतात? हातात चहाचा कप धरून हवेत आकडा सोडायचा आणि म्हणायचं अंदाज? मी तो आकडा तारीख घालून जपला. त्याच्यावर माणूस तोलला.

फोन वाजला. कॉनरॅड. "यादी पाहिलीत?"

"पाहिली."

"प्रुइटलासुद्धा ठेवलंय."

"हो."

मग त्यानं विचारलं, "मी सही केली नसती तर मलाही ठेवलं असतं का?"

हा प्रश्न मला त्यानं विचारण्याआधी दहा मिनिटं मी स्वतःला विचारत होतो. ठेवलं असतं, तर माझ्या एका वाक्यानं या पोराचे बारा लाख गेले, कदाचित पुढच्या वर्षीचेही, कारण पुढचा आकडा यावरूनच वाढतो. की त्याचे बारा लाख वाचले म्हणूनच प्रुइटला ठेवणं त्यांना जमलं? की प्रुइटला ते पहिल्यापासूनच ठेवणार होते? माझा प्रत्येक अंदाज वर्षाच्या शेवटी खरा किंवा खोटा ठरतो, त्यावरच मी जगलो, त्याचं मला व्यसन आहे. या ओळीचं उत्तर कोणी कधी छापणार नव्हतं. "मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "कॉनरॅड, मला खरंच सांगता येत नाही. मला माफ कर."

"तुम्हाला जे दिसत होतं ते तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "मी एकोणतीस वर्षांचा आहे, सही मी केली." त्याचा आवाज चिडलेला होता की थकलेला, कळलं नाही. "पण एक करा. आईला यातलं काही सांगू नका. ती आत्ता टोलेडोच्या मावशीशी बोलतेय, की तिनं वेळेवर फोन केला म्हणून मी वाचलो. सबंध बाजाराला सांगितलंय तिनं. यादीबिदी ती वाचत नाही. वाचली तरी तिला ते कळणार नाही, तुम्ही समजावून सांगितल्याशिवाय."

"नाही सांगत," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला आणि मी पेन्सिली गोळा करायला वाकलो, तेवढ्यात तो परत वाजला. या वेळी बर्नडीन. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी हसत होतं. "नॉर्बर्ट, दुपारी मी फार बोलले तुम्हाला. रांगेत, चार लोकांसमोर. मनात ठेवू नका."

"नाही, नाही."

"मी मालकाला सांगितलं, ख्रिसमसपर्यंत येईन, मग नाही. पंचवीस वर्षं झाली." तिचा आवाज एकदम लहान झाला. "एक विचारते. इथे माझा दीर म्हणतोय की बाकीच्या सगळ्यांना ठेवलं म्हणे. म्हणतो, तुम्ही लोकांनी घाई केली. मला काही कळत नाही, पण आता झोप नाही लागणार. तुम्ही खरं ते सांगा. सही केली नसती तर माझ्या कॉनरॅडला काढलंच असतं ना?"

रोझली जिन्यावर येऊन उभी होती, हातात माझ्या घरात घालायच्या चपला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर चाळीस ओळी होत्या, प्रत्येक आकड्यासमोर मी बावीस वर्षं न चुकता लिहितो तो शब्द होता, अंदाजे.

"काढलंच असतं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, बर्नडीन."

पलीकडे ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून तिचं रडणं संपेपर्यंत उभा राहिलो.